वाहत्या दाण्यांची मोजदाद

ज्वारीच्या पेरणीला चाड्यावर मूठ कोणी धरायची, हे वावरात पाऊल टाकण्याआधीच ठरलेले असे. बैल हाकायला कोणीही चाले. मूठ मात्र ठरावीक माणसाचीच. तिफणीमागे चालत, मुठीतले बी बोटांच्या फटीतून चाड्यात सोडत राहायचे. चाड्याच्या तळाला तीन भोके, प्रत्येक भोकाला एक नळा, नळ्याखाली फण. मूठ सैल पडली की पेर दाट, आवळली की विरळ. आणि एखादा नळा तुंबला तर आठ-दहा दिवसांनी, उगवण झाली की, ते सगळ्या शिवाराला दिसे: या बांधापासून त्या बांधापर्यंत एक तास कोरे.

दाण्यांचा प्रवाह मोजण्याचे मला ठाऊक असलेले हे सर्वांत जुने साधन. ते बऱ्यापैकी नेमकेही होते. पण मुठीच्या आत आणि चाड्याच्या भोकापाशी दाणे एकमेकांना कसे रेटतात, कोण आधी सुटतो, कोण अडून बसतो, हे त्या हातालाही सांगता आले नसते. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जगभरच्या प्रयोगशाळांनी हाच प्रश्न कॅमेऱ्यापुढे ठेवला आहे. काचेच्या पेटीतून दाणे वाहू द्यायचे, चित्रीकरण करायचे आणि चित्रावरून प्रत्येक ठिकाणचा वेग काढायचा. आज हे काम खिशातल्या मोबाइलवर आणि फुकट मिळणाऱ्या संगणक प्रणालींवर होते. पडद्यावर शेकडो छोटे बाण उमटतात, पाहणारा खूश होतो. ते बाण नेमके कशाचे, हा प्रश्न मात्र फार थोड्या ठिकाणी विचारला जातो, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचे मर्म तिथेच आहे.

सोलापुरात राहून दाण्यांकडे दुर्लक्ष करणे तसे अवघडच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बार्शीला डाळमिली आहेत, जिल्हाभर साखर कारखाने आहेत, फताटेवाडीला १३२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. ज्वारी, तूर, साखर, कोळसा: सगळ्यांची तऱ्हा एकच. वरून भरायचे, खालून सोडायचे, आणि मध्येच अडले की कोणीतरी हातोडा घेऊन हॉपरच्या, म्हणजे तळाशी निमुळत्या कोठीच्या, अंगावर ठोकायचे. जुन्या हॉपरच्या खालच्या उतारावर पोचे पडलेले दिसतात ना, ते हातोड्यांचे वळ असतात. आत दाण्यांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून कमान धरली होती, याची ती नोंदच म्हणायची.

पाण्याची टाकी रिकामी होत आली की तोटीची धार मंदावते. धान्याच्या कोठीचे तसे होत नाही. भरलेली असो की अर्धी, खालच्या भोकातून दाणा जवळपास त्याच गतीने येतो. वरच्या दाण्यांचे वजन तळापर्यंत पोचतच नाही, घर्षणामुळे ते कोठीच्या भिंतींवर टेकते. जर्मन अभियंता यान्सेन याने १८९५ साली हे धान्याच्या कोठीवरच्या मोजमापांतून मांडले. पुढे १९६१ साली नेदरलँड्समध्ये बेव्हरलू आणि त्याच्या सहकाऱ्यांनी भोकातून किती माल पडतो याचा नियम बसवला. त्यांच्या प्रयोगांत वाळूबरोबर जवस, पालक अशी बियाणी होती, हे मला नेहमी गमतीचे वाटते. जवस म्हटले की आम्हाला चटणीच आठवते. तिथे त्यातून सूत्र निघाले. सूत्राचा गाभा असा: माल भोकाच्या व्यासाच्या अडीचाव्या घातानुसार पडतो, पण व्यास पूर्ण धरायचा नाही. दाण्याच्या जाडीच्या साधारण १.४ पट इतका भाग त्यातून वजा करायचा, कारण काठाला घासून दाणा जाऊ शकत नाही.

हिशोब करून पाहू. मालदांडी ज्वारीचा टपोरा दाणा सुमारे ४ मिलिमीटरचा. ३० मिलिमीटरचे गोल भोक असेल तर उपयोगी व्यास उरतो २४.४ मिलिमीटर, आणि सेकंदाला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास ज्वारी पडायला हवी. म्हणजे आठ सेकंदांत किलो. ती वजावट विसरलात तर उत्तर दोनशे ग्रॅमच्या वर जाते. भोक दाण्याच्या पाचपटीच्या आसपास आले की प्रवाहाचा भरवसा संपतो. मग कमान धरते, आणि हातोडा येतो.

एवढे कळायला कॅमेरा लागत नाही. एक तराजू आणि एक घड्याळ पुरते. मार्केट यार्डातल्या तोलारालाही हे जमेल. तराजूला सांगता येत नाही ते आतले. सपाट बुडाच्या कोठीत भोकाच्या बरोबर वरचा माल नरसाळ्यासारखा खाली उतरतो आणि कोपऱ्यांतला जागचा हलत नाही. शेवटी टाकलेला दाणा आधी बाहेर येतो, पहिल्यांदा टाकलेला कोपऱ्यात जुना होत बसतो. साखर असेल तर तिथेच तिचा गोळा होतो, डाळ असेल तर तिथेच किडीला घर मिळते. वाहणारा आणि थांबलेला माल यांची सीमा कुठे पडते, हे पाहायचे तर आतल्या प्रत्येक जागेचा वेग हवा.

हे पाहण्याची एक युक्ती आपल्याच राज्यात, मुंबईच्या आयआयटीत, सुरेख वापरली गेली. देवांग खक्कर आणि त्यांचे विद्यार्थी आशिष ओर्पे यांनी एक चपटे नळकांडे घेतले, ते निम्मे पोलादी गोळ्यांनी भरले आणि आडवे ठेवून सावकाश फिरवले. सिमेंटच्या भट्टीत किंवा साखर वाळवण्याच्या ढोलात जे होते तेच इथे छोट्या प्रमाणावर होते: बहुतेक माल नळकांड्याबरोबर फिरतो आणि वरचा पातळ थर उतारावरून सतत घसरत राहतो. त्यांनी चित्रपट्टीच्या मागे न लागता स्थिर छायाचित्रे घेतली. शटर ठरावीक काळ उघडे राहिले की हलणारी चकचकीत गोळी फोटोत ठिपक्याऐवजी रेघ होऊन उमटते. रेघेची लांबी भागिले शटरचा वेळ, की वेग हाती आला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातला एक आकडा मला फार बोलका वाटतो. पृष्ठभागापासून खाली जाताना सरासरी वेग घातांकी रीतीने घटतो, आणि घटीची लांबी गोळीच्या व्यासाच्या अवघी १.१ पट भरते. वेगातल्या चढउतारांसाठी हाच आकडा १.७ पट. ज्वारीवर नुसते कल्पून पाहा: घसरत्या थराच्या तळाशी साडेचार मिलिमीटर खाली उतरलात की वेग जवळपास एक तृतीयांशावर, अजून तेवढेच खाली गेलात की त्याचाही एक तृतीयांश. खालचा दाणा सरकणे जवळजवळ सोडून देतो, पण थरथरणे इतक्या लवकर सोडत नाही.

मग तो दाणा पूर्ण थांबतो तरी कुठे? जपानी संशोधकांनी २००१ साली दाखवले की तशी ठाम रेषा नाही. ढिगाच्या पृष्ठावरून दाणे वाहत असताना खोलवरचा, डोळ्यांना गाढ झोपलेला वाटणारा थरही अतिशय मंद गतीने सरकत असतो. त्यासाठी नजर लांबवावी लागते, शटर फार वेळ उघडे ठेवावे लागते. म्हणजे ‘हा दाणा स्थिर आहे’ या वाक्याला, किती वेळ पाहिले ते सांगितल्याशिवाय, अर्थच नाही. खळ्यावरची रास रात्रभर राखणाऱ्या माणसाला हे सांगितले तर तो हसेल, पण ते खरे आहे.

रेघेची युक्ती एका दाण्याच्या वेगाला छान. सगळ्या पेटीचा नकाशा एकदम हवा असेल तर दुसरी वाट धरावी लागते. द्रवविज्ञानात १९८४ च्या सुमारास एक पद्धत नावारूपाला आली. पाण्यात बारीक भुकटी सोडायची, लागोपाठची दोन चित्रे घ्यायची, पहिल्या चित्राचे छोट्या चौकटींत तुकडे पाडायचे आणि प्रत्येक चौकटीतली नक्षी दुसऱ्या चित्रात कुठे सरकली ते शोधायचे. गर्दीत हरवलेल्या पोराला शोधताना आपण त्याचा चेहरा आठवत नाही, आधी शर्टाचा रंग शोधतो; ही पद्धतही दाणा ओळखत नाही, नक्षी ओळखते. धान्यासाठी तर वेगळी भुकटीही नको, दाण्यांच्या छायाप्रकाशातूनच नक्षी तयार होते. केंब्रिजच्या व्हाइट, टेक आणि बोल्टन यांनी २००३ साली ही रीत मातीच्या यांत्रिकीसाठी अशी काही बसवून दिली की पाया खचताना बाजूची माती कशी सरकते याचे नकाशे जगभरच्या प्रयोगशाळांत निघू लागले.

या पद्धतीचे दोन नियम ज्याला त्याला पाठ असतात. दोन चित्रांच्या मधल्या वेळात नक्षी चौकटीच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त सरकू नये. आणि नीट जुळवले तर सरक एका पिक्सेलच्या दहाव्या भागापर्यंत मोजता येते. तिसरी गोष्ट क्वचित सांगितली जाते. चौकटीत दहा-वीस दाणे असतील तर मिळालेला बाण त्या सगळ्यांची सरासरी असते. एखाद्या दाण्याने शेजाऱ्याला मारलेला धक्का, खाल्लेली गिरकी, त्या सरासरीत विरून जाते. सारख्या आकाराच्या गोळ्या षट्कोनी मांडणीत बसल्या तर अजून फजिती: नक्षी सगळीकडे सारखीच, त्यामुळे प्रणाली एका ओळीची जोड पुढच्या ओळीशी लावून देते, आणि बाण दिमाखात चुकीच्या दिशेला वळतो.

दाणा न् दाणा वेगळा हुडकायचा तर त्याचा मध्य शोधून चित्रागणिक माग काढावा लागतो. थॉमस ड्रेक यांनी १९९० च्या सुमारास उतारावरून वाहणाऱ्या गोळ्यांचे वेगवान चित्रण करून एकेका गोळीचा मार्ग काढला होता. १९९६ मध्ये क्रॉकर आणि ग्रायर यांची माग काढण्याची संगणकी रीत आली. ती सूक्ष्मदर्शकाखालच्या कणांसाठी होती, पण दाणेवाल्यांनी लगेच उचलली. २००२ मध्ये कापार, यंग आणि झेक यांनी प्रत्येक कणाभोवतीच्या रिकाम्या जागेचा आकार हीच त्याची ओळख धरली. दाणे सगळे सारखे दिसले तरी त्यांचे शेजारपाजार सारखे नसतात, ही कल्पना मला या सगळ्या वाङ्मयात सर्वांत आवडते. अट एकच: दोन चित्रांच्या मध्ये दाणा शेजारच्या दाण्यापर्यंतच्या अंतराच्या निम्म्यापेक्षा कमी सरकला पाहिजे. त्यापुढे गेला की नावांची अदलाबदल होते, आणि गोपाळाचा रस्ता गोविंदाच्या खात्यावर चढतो.

हे सगळे वाचून आम्ही काही विद्यार्थ्यांना घेऊन एक पेटी केली. दोन उभी पारदर्शक पाने, मध्ये अडीच सेंटिमीटरची फट, रुंदी वीस सेंटिमीटर, तळाला तीन सेंटिमीटरची चीर, आणि आत मालदांडी. पहिल्यांदा हौसेने ॲक्रिलिक आणले. एप्रिल महिना, सोलापूरचे ऊन, हवेत ओल नावाला नाही. फडक्याने पान पुसले की ज्वारीचा कोंडा आणि हलके दाणे त्याला चिकटून लटकत. वाहणाऱ्या प्रवाहात मधूनच एखादा दाणा अधांतरी, जसा पतंग तारेला अडकावा. स्थिर विजेचा हा धडा कोणत्याही निबंधात ठळक अक्षरांत छापलेला नसतो. शेवटी खिडकीची साधी काच बसवली.

दुसरी गोष्ट उजेडाची. मोबाइलला सेकंदाला २४० चित्रे घ्यायला लावले आणि चित्रण पाहिले तर सगळी पेटी श्वास घेत होती: उजळ, मंद, उजळ, मंद. विजेचा पुरवठा सेकंदाला पन्नास फेऱ्यांचा, म्हणून ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्याला ते कळत नाही, पण २४० च्या कॅमेऱ्याला कळते. नक्षी जुळवणाऱ्या प्रणालीला प्रत्येक चित्राची उजळी वेगळी मिळाली की ती बावचळते. त्यावर आमचा उपाय म्हणजे गच्चीतला उजेड, किंवा गाडीच्या बॅटरीवर चालणारा दिवा. मोबाइलची आणखी एक खोड अशी की तो चित्र एका दमात टिपत नाही, ओळीमागून ओळ वाचतो. त्या काही मिलिसेकंदांत भोकाखालचा दाणा मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकून गेलेला असतो, म्हणजे एकाच चित्रातले वरचे आणि खालचे दाणे वेगवेगळ्या क्षणांचे असतात.

तिसरी अडचण खास मालदांडीची. मोत्यासारखा दाणा, पांढऱ्यावर पांढरा, दिसायला देखणा आणि मोजायला कटकटीचा. नक्षीच उठत नाही. शेवटी विसांत एक दाणा काळ्या मार्करने रंगवला. भिजवून शाईत बुडवायची कल्पना आधी निघाली होती, पण भिजून सुकलेला दाणा पूर्वीसारखा घसरत नाही. सुट्टीतल्या दोन दुपारी चार मुले गोल करून ज्वारी रंगवत बसली होती. बघणाऱ्याला वाटले असते, हुरड्याची बैठक चालू आहे.

आता आकडे. आमच्या चित्रात एक पिक्सेल म्हणजे ०.२ मिलिमीटर, म्हणजे दाणा वीस पिक्सेलचा. चिरीच्या तोंडाशी दाण्याची गती सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास. साधे चित्रण, सेकंदाला २५ चित्रे, घेतले तर दोन चित्रांत दाणा दोन सेंटिमीटर जातो, पाच दाणे ओलांडून. अशा चित्रणावरून माग काढणे म्हणजे डोळे झाकून पोहे निवडणे. २४० ला तोच दाणा दोन मिलिमीटर सरकतो, अर्धा दाणा, जेमतेम निभते. पण पेटीच्या वरच्या भागात माल फार सावकाश उतरतो, सेकंदाला चारेक सेंटिमीटर. तिथे लागोपाठच्या दोन चित्रांत सरक एका पिक्सेललाही भरत नाही, आणि दहाव्या भागाची चूक म्हणजे सरळ बारा टक्के. तिथे दर दहावे चित्र घ्यायचे. सरक आठ पिक्सेल होते आणि चूक सव्वा टक्क्यावर येते. एकाच चित्रणाला खाली एक घड्याळ आणि वर दुसरे लावावे लागते. पडद्यावर सगळे बाण एकाच घड्याळावर काढलेले दिसले की मी आता वरच्या कोपऱ्यातल्या बाणांवर विश्वास ठेवत नाही.

महाग कॅमेरा आणला की हे सुटते, असा समज आहे. उलटे होते. दाण्याची जागा ठरवण्यातली चूक ०.०२ मिलिमीटर धरली, तर लागोपाठच्या चित्रांवरून काढलेल्या वेगात २४० चित्रांना सेकंदाला सातेक मिलिमीटरचा खोटा थरथराट मिसळतो. हजार चित्रांचा कॅमेरा घ्या, तो थरथराट अठ्ठावीस मिलिमीटरवर जातो, कारण चूक तीच राहिली आणि तिला भागणारा वेळ चौपट कमी झाला. कोपऱ्यातला दाणा खरोखर सेकंदाला एक मिलिमीटरने सरकत असेल तर तो या कोलाहलात कुठे ऐकू येणार! आणि हा खोटा थरथराट सर्वांत जास्त घोळ घालतो तो कणतापमानात. दाण्यांच्या वेगातल्या चढउतारांचा वर्ग या विषयात ‘तापमान’ म्हणून ओळखला जातो. प्रवाह किती खळबळतो याचे ते माप. चित्रांमधला वेळ फार कमी ठेवला तर मोजणीची चूकच तापमान होऊन बसते. फार जास्त ठेवला तर दोन टकरींमधली वळणे सरळ होतात आणि तापमान घसरते. चौकटींची पद्धत वापरली तर सरासरीत ते आणखी खाली जाते. त्यामुळे तापमानाचा एकच आकडा दिलेला निबंध मी बाजूला ठेवतो. वेगवेगळ्या अंतरांनी तीच मोजणी करून आकडा कुठे स्थिरावतो ते दाखवणारा निबंध पुन्हा वाचतो.

आतापर्यंतच्या सगळ्या गोष्टींवर मेहनतीने मात करता येते. काचेवर करता येत नाही. कॅमेरा पाहतो तो काचेला टेकलेला एकच थर. काच त्याला घासते, त्याची रचना सपाट करते, कधी त्याला मागे ओढते. अडीच सेंटिमीटरच्या फटीत साधारण सहा दाणे मावतात. त्यांतला पुढचा एक दिसतो, मधले काय करतात ते आपण गृहीत धरतो. आतले पाहायचे उपाय आहेत, पण ते ज्वारीच्या कामाचे नाहीत. ओर्पे यांनी अमेरिकेत क्लार्क विद्यापीठात अर्षद कुद्रोली यांच्यासोबत काचेचे मणी काचेइतकेच प्रकाश वळवणाऱ्या द्रवात बुडवले. मणी दिसेनासे झाले, मग लेझरचा पातळ पडदा आत घालून खोलवरचा एकेक थर टिपला. दुसरी वाट दवाखान्यातल्या एमआरआयची. १९९३ साली फिरत्या नळकांड्यात मोहरी घालून तो प्रयोग झाला, पुढे खसखस घालूनही झाला. तेलबिया का, याचे उत्तर साधे आहे: एमआरआयला हायड्रोजनचा इशारा लागतो, आणि तेलकट दाणा तो भरघोस देतो. फोडणीच्या डब्यातले दोन वाण भौतिकशास्त्रात अजरामर झाले ते असे.

आमच्यासारख्यांना परवडणारा उपाय एकच, आणि तो पुन्हा तोलाराकडे नेतो. पेटीखाली तराजू ठेवा. चित्रणातून काढलेला वेग, फटीचे क्षेत्रफळ आणि ज्वारीची घनता यांचा गुणाकार करा. तराजू सेकंदाला किती ग्रॅम चढतो ते पाहा. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. हे इतके उघड आहे की करायची कोणाला आठवण राहत नाही. चांगल्या प्रयोगशाळांतून आलेल्या कित्येक निबंधांत रंगीत नकाशांची चार पाने असतात आणि तराजूची एक ओळ नसते.

यातही एक खोच आहे, ती आम्हाला उशिरा उमगली. चिरीच्या तोंडाशी केलेला हिशोब तराजूशी छान जुळला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. नंतर तोच हिशोब पेटीच्या मधल्या उंचीवर केला, तर कॅमेऱ्याचा आकडा तराजूपेक्षा कमी भरला. वर काचेने दाणे मागे ओढले होते, म्हणून वेग कमी दिसला, हे समजण्यासारखे. काचेची ओढ खालीही होतीच, मग तिथे आकडा कसा जुळला? कारण तोंडाशी दाणे एकमेकांपासून सुटतात, माल मोकळा होतो, घनता घटते. आम्ही मात्र भरल्या कोठीचीच घनता धरली होती. एक चूक आकडा खाली ओढत होती, दुसरी वर ढकलत होती, आणि दोघींनी मिळून आम्हाला शाबासकी दिली. मापटे सैल भरले की हलवून भरले, यावरून वाण्याशी भांडणाऱ्या आजीला घनतेचा हा मुद्दा आमच्याआधी ठाऊक होता. बेशिस्त रचलेल्या गोळ्या साधारण पंचावन्न ते चौसष्ट टक्के जागा व्यापू शकतात. मधली नऊ टक्क्यांची तफावत निव्वळ हलवण्याची. म्हणून तपासणी करायची ती तोंडापासून दूर, जिथे माल गच्च आणि संथ असतो.

या साऱ्याला डोंगराएवढा आकार द्यायचा तर माळीणची आठवण येते. ३० जुलै २०१४ च्या पहाटे आंबेगाव तालुक्यातल्या त्या गावावर डोंगर उतरला आणि दीडशेच्या वर माणसे गेली. २०२१ ला तळिये, २०२३ ला इर्शाळवाडी. ओली माती, दगड, पाणी यांचा तो प्रवाह ज्वारीसारखा नव्हे, पण तोही कणांचाच. अशा प्रवाहांसाठी अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९९१ मध्ये ओरेगनच्या जंगलात काँक्रीटची एक घसरगुंडी बांधली: ९५ मीटर लांब, २ मीटर रुंद, ३१ अंशांचा उतार. वरून माती-खडी-पाणी सोडायचे, कॅमेरे लावायचे आणि तळाशी दाब मोजायचा. एवढा आटापिटा का? कारण टेबलावरच्या पेटीत दगड लहान करता येतात, पण दोन दगडांमधल्या पाण्याचा चिकटपणा आणि दाब त्या प्रमाणात लहान होत नाहीत. चित्रणातून वेग मिळतो. माती पाण्यावर तरंगत आली की एकमेकांना घासत आली, हे चित्र सांगत नाही. सह्याद्रीत इतक्या दरडी कोसळूनही असा लांबलचक उतार आपल्याकडे बांधावा, ही मागणी मी अवास्तव मानत नाही.

अलीकडे चौकटींची जागा नव्या रीती घेऊ पाहत आहेत. प्रत्येक पिक्सेलची सरक काढण्याचे गणित १९८१ मध्येच, लुकास-कानडे आणि हॉर्न-शुंक या दोन जोड्यांनी, स्वतंत्रपणे मांडले होते; आता तेच काम उदाहरणांवर शिकवलेली न्यूरल जाळी करतात आणि नकाशे रेशमासारखे मुलायम येतात. मुलायमपणाचीच मला धास्ती वाटते. ही जाळी प्रामुख्याने संगणकावर बनवलेल्या दृश्यांवर शिकलेली असतात. तिथे खुर्ची किंवा मोटार अखंड सरकते. ज्वारीच्या राशीत शेजारचे दोन दाणे क्षणात वेगळ्या दिशांना फुटतात. जाळे तो तडा सांधून टाकते, आणि वाहत्या-थांबलेल्या मालाची सीमा, जिच्यासाठी सगळा खटाटोप होता, तीच पुसट होते. फुकट मिळणाऱ्या जुन्या चौकटींच्या प्रणालींचे बाण ओबडधोबड असतात, पण त्या कुठे चुकतात ते निदान दिसते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ओर्पे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक काम केले, ते मला फार जवळचे वाटते. हॉपरच्या तळाला एकाऐवजी दोन भोके, दोन्ही इतकी लहान की एकटे असते तर तुंबलेच असते. त्यांना आढळले की एका भोकातून दाणे सुटत असले की शेजारचे तुंबलेले भोक आपोआप मोकळे होते, मग ते याला मोकळे करते. भोकांमधले अंतर नीट साधले तर पूर्ण बंद पडण्याआधी कितीतरी पट माल बाहेर येतो. यातला मोठा भाग संगणकी प्रतिरूपावर केलेला आहे. मी तो निबंध वाचला तेव्हा डोळ्यांपुढे चाडे आले. तीन भोकांचे ते लाकडी वाडगे कोणी, कशाच्या जोरावर, त्या अंतराने कोरले असेल? सुताराच्या हातात तो अंदाज कुठून आला? एखाद्या जुन्या चाड्याचा आडवा छेद काचेआड मांडून, भोकांमधले अंतर बदलत, मालदांडीवर हा प्रयोग करता येईल. त्यासाठी सेकंदाला २४० चित्रे पुरतात.

सध्या मात्र पेटीत तूरडाळ आहे. एका बाजूने फुगीर, दुसऱ्या बाजूने सपाट. घसरता घसरता ती उलटते आणि सपाट बाजू आरशासारखी चमकते. एका चित्रात पिवळी असलेली डाळ पुढच्या चित्रात पांढरा ठिपका होते, प्रणालीला वाटते दाणा नाहीसा झाला, आणि बाण भलतीकडे जातो. दिवा तिरका लावून पाहिला, काचेवर ट्रेसिंग कागद लावून उजेड पसरवून पाहिला. काल एका विद्यार्थिनीने डाळीच्या सपाट बाजूवर हळद चोळायला घेतली आहे. तराजू खाली लावलेलाच आहे.